पूजलेला ट्रक

“पण का नाही हलवायचा?”

“पूजलेलं हलवायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही,” तात्या म्हणाले.

दसऱ्यापासून हेच ऐकून कालिंदीचे कान किटले होते.

माळ विकत घेतला तेव्हा जुन्या मालकाचं भंगार तिथंच पडून होतं. चाकं रुतलेला ट्रक, दोन जीपांचे सांगाडे, टायरांचा ढीग. दसऱ्याला थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, आपला ट्रॅक्टर पूजला आणि हातासरशी ट्रकलाही झेंडूचा हार घातला. झालं! भंगाराचा देव झाला.

इकडे शेतकी कॉलेज शिकून आलेल्या कालिंदीची रोपं पाण्यावाचून करपत होती. उताराचं पाणी मुरायचं ते नेमकं ट्रकखाली. विहीर खणायची तर तिथंच.

शेवटी ती टेकडीवरच्या मठातून मायला घेऊन आली. म्हातारी बैरागीण. तात्याही तिच्यापुढे मान वर करत नसत.

तात्या आणि धाकटे काका बांधावर बसून बघत होते. मायनं ट्रकला एक फेरी मारली. खाली बसली. एक खडा उचलला आणि ट्रकखालच्या गवतात टाकला.

आवाज आला नाही.

...

मग फार खोलवरून... डुबुक.

कालिंदी आडवी झाली, गवत सारलं. चाकांच्या मधोमध जुना आड होता. गार वारा तिच्या तोंडावर आला. तळाशी, तिच्या डोळ्यांएवढा उजेड हलला.



तात्यांनी हात जोडले. “बघा! देवानंच पाणी राखलं. आता तर ट्रकला मुळीच हात लावायचा नाही.”

“तात्या, पाणी राखलं की कोंडलं?”

“जीभ आवर, पोरी!” धाकटे काका ओरडले.

कालिंदी मायकडे वळली. “माय, तुम्हीच सांगा यांना.”

“मी सांगितलेलं तू ऐकशील?”

“तुमचा शब्द शेवटचा.”

“मग ऐक. ट्रक हलवायचा नाही.”

...

तात्यांची मान ताठ झाली. काका गालात हसले.

कालिंदी करपलेल्या रोपांकडे बघत राहिली. सकाळीच तिनं या बाईच्या पायावर डोकं ठेवलं होतं.

“नाही, माय.”

“काय म्हणालीस?”

“ट्रक आज निघेल. तुमचा शब्द असला तरी निघेल. मी काढणार.”

“अगं, कुणाशी बोलतेस तू!” तात्या ताडकन उठले.

मायनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. तात्या होते तिथंच थिजले. काकांचंही हसू मावळलं.

मायनं झोळीतून कटोरा काढला आणि कालिंदीपुढे धरला.

“आण तर मग. केव्हाची तहान लागलीय.”