सासऱ्यांसाठी कुपा

समुद्राकाठच्या एका गावात एक भोळा नवरा होता. नाव येसो. सांगाल ते ऐकायचा. तेवढाच दोष.

लग्नाला महिनाही झाला नाही, तोच त्याच्या भोळेपणाची खबर सासरी पोचली. त्याची बायको मथुरा. तिच्या वडिलांनी निरोप धाडला, "डॉक्टरांनी ताकदीसाठी कुपा खायला सांगितलाय. रविवारी जेवायला येतो. जावई धड दिसला तर बरं. नाहीतर पोरीला घेऊन जातो."

कुपा म्हणजे शहरातला ट्युना. मांस भरपूर, चरबी कमी. अशक्त माणसाला चांगला. पण मथुराला माहेरी जायचं नव्हतं. बायकोचं ऐकणारा नवरा गावात दुसरा नव्हता.

शुक्रवारी तिने येसोला बंदरावर पाठवलं. त्याने कुपा खांद्यावर टाकला आणि भेटेल त्याच्याशी गप्पा मारत भर उन्हातून घरी आला.

"अहो, असा तापलेला कुपा खाल्ला तर अंगाला खाज सुटेल! बर्फात घालून आणायचा."

"बरं."

मासा माडाच्या मुळाशी पुरला. संध्याकाळी येसो गिरणीतून मसाला घेऊन आला. बर्फात घालून. पिशवीत लाल चिखल.

"अहो, मसाला ओला कशाला केलात? ओलं झालं की कौलांवर उन्हात पसरायचं असतं."

"बरं."

शनिवारी दुसरा कुपा आला. मथुरा विहिरीवर गेली होती. येसोने कुपा कौलांवर पसरला. मांजरीने आमंत्रणाची वाट पाहिली नाही.

"अहो, जे जपायचं त्याच्यावर टोपली घालावी! वर पाटा ठेवावा."

"बरं."

रविवारी मथुरा स्वतःच बंदरावर गेली. कुप्याचा काळा भाग काढला, तुकड्या मिठाच्या पाण्यात धुतल्या, हळद-कोकम चोळलं. खोबऱ्याचं वाटण घातलं. कुपा जास्त शिजला की लाकूड होतो, म्हणून चुलीपासून हलेना.

बाबा आले ते धापा टाकत. पडवीत चटईवर आडवे झाले. "जावईबापू, अंगात काही राहिलं नाही बघा."

आतून मथुरा ओरडली, "अहो, बाबांना जपा हं!"

"बरं."

ताट घेऊन ती बाहेर आली, तर चटईवर मासळीची भली मोठी टोपली.

"बाबा कुठायत?"

"आत. मांजर फिरकलंसुद्धा नाही."

टोपली गरजली, "मथुरे, कपडे बांध! आत्ताच्या आत्ता निघायचं!"

मथुराने वरच्या पाट्याकडे पाहिलं. मग टोपलीची कड जराशी उचलून ताट आत सरकवलं.

बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज. मग जरा मऊ आवाजात, "तुकडी आहे का गं अजून?"

दुसरी गेली. तिसरी गेली. चौथीनंतर टोपली हलू लागली. पाटा घसरायला आला.

येसो धावला. "भिऊ नका मामा, मी आहे!" म्हणाला, पाट्यावर वरवंटा ठेवला, आणि वर स्वतः बसला.