हरकतबहाद्दर आबासाहेब आणि पमीची पेटी

"पमे, उचल वं तुहं टेबल! या कडुलिंबाखाली आता आबासाहेबाचा पुतळा बसनार हाये!"

कोर्टाच्या आवारात आबासाहेबांच्या मुनशी गुलाबरावांनी ही आरोळी ठोकली, तेव्हा प्रमिला निंभोरकर एका म्हातारीचं प्रतिज्ञापत्र टाइप करत होती. तिने ओळ पूर्ण केली, कागद म्हातारीच्या हातात दिला आणि मगच मान वर केली.

"पुतळा? माणूस तर चांगला धडधाकट आहे!"

"पुढच्या महिन्यात पंच्याहत्तरी हाये ना साहेबाची. चौथरा तं झाला बी बांधून!"

पमीला इतके दिवस वाटत होतं, की तो चौथरा पाण्याच्या टाकीसाठी आहे! याच झाडाखाली तिच्या बापाने तीस वर्षं टाइपरायटर बडवला होता. तो गेल्यावर बी.ए. झालेली पमी त्याच मशीनवर घर चालवत होती. टेबल हललं, की चूल विझली. तिने ओढणी कमरेला खोचली आणि थेट आबासाहेबांच्या बंगल्यावर धडकली.

ॲडव्होकेट आबासाहेब घुईखेडकर म्हणजे जिल्ह्यातले सगळ्यात मोठे वकील आणि पक्षाचे सगळ्यात मोठे पुढारी. कोणत्या पक्षाचे, हे मात्र साल विचारून सांगावं लागे! त्यांना दोन खोडी होत्या. पहिली, हरकत घेण्याची. स्वतःच्या लग्नात त्यांनी भटजींच्या मुहूर्तावर हरकत घेतली होती, आणि ती मान्य होईपर्यंत अंतरपाट तसाच धरून ठेवायला लावला होता. दुसरी खोड स्टँप पेपरची. माणसाच्या जिभेवर विश्वास ठेवू नये, सहीवर ठेवावा, असं ते म्हणत. पक्षात शिरतानासुद्धा ते साक्षीदारांसमोर प्रतिज्ञापत्र करून शिरत!

पमी पोचली तेव्हा आबासाहेब कागदांवर लाल पेन्सिलीने फराटे ओढत होते. गौरवग्रंथासाठी कॉलेजातल्या प्राध्यापकांनी त्यांचं चरित्र लिहून पाठवलं होतं.

"ऐकीव! सगळं ऐकीव!" आबासाहेब गरजले. "'आबासाहेबांचा जन्म पहाटे झाला.' हा प्राध्यापक तिथे हजर होता का? हरकत! आणि तू कोण गं?"

"कडुलिंबाखालची टायपिस्ट. जिची जागा तुमचा पुतळा खाणार आहे, ती!"

"जागा सरकारची. तुझा हक्क काय?"

"आणि पुतळ्याचा काय?"

गुलाबरावांनी कपाळाला हात लावला. आबासाहेबांच्या मिशा मात्र थरथरल्या. उलट बोलणारं माणूस त्यांना पुष्कळ वर्षांत भेटलं नव्हतं.

"जीभ चांगली आहे. हात कसा आहे, बघू! लिही माझं राजकारणातलं चरित्र. सुरुवातीपासून आजपर्यंत. एक शब्द ऐकीव नको, एक शब्द खोटा नको. माझ्या एका जरी हरकतीला तू उत्तर देऊ शकली नाहीस, तर टेबल उचलायचं. मुदत तीन दिवस!"

"आणि दिलं तर?"

"जागा तुझी!"

"साहेब, माणसाच्या जिभेवर विश्वास ठेवू नये म्हणतात. लिहून द्या!"

आबासाहेबांनी खुशीत स्टँप पेपर मागवला आणि झोकदार सही ठोकली.

बाहेर पडल्यावर गुलाबराव कळवळून म्हणाले, "पोरी, देवानं लिहिलं तरी हा मानूस त्याच्यावर हरकत घेईन!"

"मग देवापेक्षा मोठा माणूस गाठते," पमी म्हणाली आणि घरी जाऊन तिने बापाची पत्र्याची पेटी उघडली.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वकिलांची खोली गच्च भरली. आबासाहेब लाल पेन्सिल परजून बसले. पमीने वाचायला सुरुवात केली.

"मी, बेचाळीस वर्षांचा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो, की सूप पक्ष हीच माझी आई असून शेवटच्या श्वासापर्यंत मी तिला सोडणार नाही."

खोलीत खसखस पिकली. आबासाहेब चमकले.

"सात वर्षांनंतर," पमी पुढे वाचू लागली, "मी, बेचाळीस वर्षांचा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो, की मुसळ पक्ष हीच माझी आई..."

"हरकत!" आबासाहेब ताडकन उठले. "सात वर्षांनी वय तेच कसं?"

"ते मी कसं सांगू? मी तेव्हा पाळण्यात होते!"

"हे ऐकीव आहे!"

"ऐकीव कसं? तुमच्याच तोंडचं आहे. ही प्रतिज्ञापत्रं माझ्या बाबांनीच टाइप केली, आणि ते प्रत्येक कागदाची स्थळप्रत ठेवत." पमीने पिवळ्या पडलेल्या कार्बन प्रती टेबलावर मांडल्या. "ही सही तुमची. हे दोन साक्षीदार. आणि हा घागर पक्षाचा कागद. तिथेही आईच आहे, पण वय मात्र एकदाचं वाढलंय. त्रेचाळीस!"

"खोटं आहे हे सगळं!"

"खोटं?" पमीने नवा कोरा कागद पुढे सरकवला. "मग तेवढंच लिहून द्या, की मी तीन वेळा शपथेवर खोटं बोललो. खोट्या शपथेला शिक्षा किती, ते या खोलीत तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? आणि खरं असेल, तर चरित्र पुरं झालं, माझी जागा माझी. बोला साहेब! हरकत घेताय? कोणत्या सहीवर?"

आबासाहेबांनी पेन्सिल उचलली, एकेका सहीवरून फिरवली आणि खाली ठेवली. मग त्यांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते असे खदाखदा हसले, की बाहेरच्या पक्षकारांना वाटलं, साहेब खटला जिंकले!

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा हरलो! आणि तेही स्वतःच्याच साक्षीवर! गुलाबराव, पुतळा न्या माझ्या माळ्यावर. त्या चौथऱ्यावर या पोरीचं टेबल मांडा, वर पत्र्याचं छप्पर घाला! आणि वकिलीच्या वर्गात नाव घाला हिचं, फी माझी." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पोरी, ती पेटी तेवढी मला देऊन टाक."

"पेटी कशी देऊ, साहेब? पुढच्या निवडणुकीला तुम्हाला नवी आई सापडली, तर स्थळप्रत ठेवायची कुठे?"

आबासाहेब पुन्हा हसू लागले, ते खुर्चीचा हात धरूनच. त्याच संध्याकाळी पमीचा टाइपरायटर वाजतगाजत चौथऱ्यावर चढला, आणि त्याला पहिला हार आबासाहेबांनी घातला.