ओटीचा शब्द

समुद्रावरच्या वाऱ्याला मिरीचा वास यायचा, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका डोंगराच्या पायथ्याशी मिरीचं रान होतं आणि रानाच्या दोन अंगांना दोन गावं. दोन्ही गावं स्वतःला अलीकडचे म्हणत आणि समोरच्यांना पलीकडचे. रान कुणा एकाचं नव्हतं. ज्याला हवी त्याने मिरी खुडावी, वेल मात्र दुखवू नये, एवढाच कायदा. वर्षाकाठी एखादं भांडण व्हायचं, काठ्या उगारल्या जायच्या, मग कुणीतरी फणस फोडायचं आणि काठ्या बाजूला पडायच्या. तेलाने आणि चिकाने हात माखले की काठी धरता येत नाही ना!

त्यांतल्या एका गावात एक रीत होती. मोठा निर्णय अडला, की शेवटचा शब्द त्या बाईचा, जिच्या ओटीत गावातलं सगळ्यात लहान मूल असेल. त्याला ओटीचा शब्द म्हणत. जिचं मूल तान्हं, ती सगळ्यांत लांबचं पाहील, असं वाडवडिलांना वाटलं होतं. वाडवडिलांनी स्वतः कधी तान्हं मूल रात्रभर सांभाळलं नसावं.

त्या साली हा मान एका तरुण आईकडे आला. ती हुशार होती, चार अक्षरं शिकलेली होती. पण बाळ शिंकलं तरी ती त्याला घेऊन सुईणीकडे धावायची, आणि बाळ शांत झोपलं तर ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची.

त्याच साली एक गलबत किनाऱ्याला लागलं. गलबतवाल्यांचा देश थंड, जेवण मिळमिळीत. मिरीची चव त्यांच्या जिभेला लागली होती, आणि तिकडे चिमूटभर मिरीसाठी लोक काय वाट्टेल ते द्यायला तयार होते. त्यांचा म्होरक्या मोठा गोडबोल्या. आधी त्याने मिरी वाळवायला वीतभर अंगण मागितलं. मग पावसासाठी छप्पर. मग छपराखालचा माल चोरीला जाऊ नये म्हणून कुंपण. मग कुंपणावर बंदूकवाले शिपाई. प्रत्येक मागणी आधीच्या मागणीइतकीच रास्त वाटायची. नाही नेमकं कुठे म्हणायचं, ते कुणाला सुचलंच नाही.

आणि एका सकाळी रानाच्या गावाकडच्या अंगाचे वीस वेल मुळापासून कापलेले दिसले.

गाव पारावर जमलं.

"पलीकडच्यांचंच काम हे!"

"आज वेल कापले, उद्या पोरं कापतील!"

म्होरक्या टोपी हातात घेऊन पुढे आला. "बाईसाहेब, माझे चार शिपाई ठेवून घ्या. रान राखतील, गाव राखतील. बदल्यात काही नको. दोन वेळचं जेवण आणि थोडीशी मिरी."

गावच्या म्हाताऱ्या सुईणीला, आत्याबाईंना, हे रुचलं नाही. "अगं, तुझी मावसबहीण पलीकडे दिलीय ना? एक फणस घे काखेत आणि जाऊन विचार की तिला. रानातून तासाभराची तर वाट."

"आणि त्या तासात इथे काही झालं तर, आत्याबाई?"

"शेजारी आहेत ते. वाघ आहेत का?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला! तुमच्या पोरांना दाढ्यामिशा फुटल्या."

तरुण आईने ओटीतल्या बाळाकडे पाहिलं. तिने लांबचं पाहायला हवं होतं, पण तिला उद्याची सकाळसुद्धा दिसत नव्हती. ती म्हणाली, "राखा."

तिला घाईने नावं ठेवू नका. तिच्या जागी आपण असतो, तर आपणही हेच म्हटलं असतं की काय, कोण जाणे.

चार शिपायांचे दहा झाले, दहाचे चाळीस. त्यांना वाढता वाढता गावच्या ताटांतला भात कमी झाला. थोडीशी मिरी म्हणता म्हणता सगळी मिरी झाली. पण पलीकडून कुणी आलं नाही, म्हणून गाव म्हणायचं, बघा, राखण चांगली आहे!

बाळ तीन वर्षांचं झालं. एकदा त्याला खोकला लागला, काही केल्या थांबेना. मधातून मिरपूड चाटवावी, म्हणून आई पाच दाणे आणायला रानाकडे गेली. रानाभोवती नवं कुंपण होतं.

"थांबा, बाई. रान राखीव आहे," शिपाई म्हणाला.

"अरे, ते राखायला मीच तर तुला ठेवलंय!"

"मग राखतोच आहे ना!" शिपाई तिची थट्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

कुंपणाला लागून ती चालत राहिली, कुठे फट सापडते का बघत. दुपार कलली तेव्हा समोरून कुणीतरी तसंच कुंपण चाचपत येताना दिसलं. ती तिची मावसबहीण होती.

"ताई, तू इथे कशी?"

"पाच दाण्यांसाठी," मावसबहीण म्हणाली. "आमच्याकडेही चाळीस शिपाई ठेवलेत. तुमच्या भीतीने."

"आमची कसली भीती?"

"वा गं! त्या सकाळी आमचे वीस वेल तुम्हीच कापले ना?"

"अगं, त्या सकाळी आमचेही वीस कापले होते."

कुंपणाच्या आत दोन गावांचे दोन शिपाई एकाच चंचीतली तंबाखू मळत गप्पा मारत होते.

आई तशीच म्होरक्याच्या दारात गेली. "वेल तुम्ही कापलेत!"

म्होरक्या हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. "बाईसाहेब, हे रान मी घेतलं नसतं, तर मागून येणाऱ्या दुसऱ्या गलबताने घेतलं असतं. त्या भीतीने मलाही झोप नव्हती. आणि आम्ही आल्यापासून तुमची भांडणं तरी थांबली की नाही?"

ते खरंच होतं. भांडायला आता काही उरलंच नव्हतं.

मग त्याने एक पोतं उघडलं, कागदाच्या पुडीत चिमूटभर मिरी बांधली आणि मोठ्या मायेने तिच्या हातावर ठेवली. घरी पोर खोकत होतं. तिने पुडी घेतली आणि म्हणाली, "उपकार झाले."

पोराचा खोकला गेला. ते दोन शब्द मात्र तिच्या घशात कायमचे अडकून राहिले.

पोर मोठं झालं. एक दिवस त्याने विचारलं, "आई, आपल्या रानाचं नाव राखीव का गं ठेवलं?"

तिने एक पिकला फणस काखेत मारला आणि ती पलीकडे निघाली. पूर्वी तासाभराची वाट होती. आता कुंपणाला वळसा घालून जायला सबंध दिवस लागला.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या भीतीने ज्याला राखणीला ठेवावं, तो आधी शेजार खातो आणि मग घर.