निवळीची नक्षी आणि चार काठांचे साक्षीदार

तळ्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्याकाठच्या बाभळीवर दरवर्षी कलेचा मेळा भरे आणि तिथे काय टांगायचं ते खोपे विणणारे सुगरणनाना ठरवत. निवळी नावाची चिमुकली पाणकीड पाण्यावर गिरक्या घेत नक्षी काढायची. मेळ्यात आपलं नाव यावं, एवढंच तिला हवं होतं.

"टांगता येत नाही, ती कसली कला?" नाना म्हणाले. "उद्या कुणीही म्हणेल, माझीच नक्षी!"

"म्हणू दे की!" निवळी फणकारली. तिने तळ्यातल्या झाडून सगळ्या बेडकांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर नक्षी काढली. पुढे एका बगळ्याने त्या नक्षीवर हक्क सांगताच चारही काठांवरून गलका उठला, "निवळीची! निवळीची!" बगळ्याने काढता पाय घेतला.

मेळ्यात मात्र नानांच्या शेजाऱ्याने त्यांचाच खोपा आपला म्हणून मिरवला. साक्षीदार कुणीच नव्हता, कारण विणताना नाना कुणाला जवळ फिरकू देत नसत.

नाना पाण्याकाठी उतरले. "निवळीबाई, तुझे बेडूक खोपेही लक्षात ठेवतात का गं?"

"ठेवतात की! फक्त विणताना सगळ्यांना बघू द्या. आणि पुढचा मेळा पाण्यावरही भरवायचा."

"बरं," नाना पुटपुटले.

आता शब्द फिरवायची सोयच नव्हती. चारही काठ ओरडत होते, "नाना बरं म्हणाले! नाना बरं म्हणाले!"