सगुणाऊचा विसावा

ओंजळ भरलीत तरी तोंडात घेऊ नका. वाळवडच्या गडावरचं हे टाकं दिसायला नितळ आहे, पण चवीला निव्वळ मीठ. खाली गावातल्या विहिरींचीही तीच गत. शाळेतले गुरुजी म्हणतात, खडकातच क्षार आहेत. असतील. आम्ही मात्र लहानपणापासून सगुणाऊचं नाव ऐकत आलो आहोत.

सगुणाऊ ही इथली राणी. राज्य ते केवढं, हा गड आणि खालची घाटवाट. कोकणातून मीठ लादलेले बैल याच वाटेने वर येत आणि जकात म्हणून थोडं मीठ इथे ठेवून जात. त्यामुळे गडावर धान्याइतकंच मोठं मिठाचं कोठार होतं म्हणे. राजा वारला, मूलबाळ नव्हतं. तेव्हा वरच्या मुलखातल्या एका बलाढ्य सरदाराने निरोप धाडला, 'माझा भाचा दत्तक घ्या, शिक्का त्याच्या हाती द्या, तुम्ही सुखाने देवधर्म करा.' कारभारी विठोजीला यात काही वावगं दिसलं नाही. राणीने उत्तर पाठवलं, 'देवधर्म मी करतेच आहे. शिक्काही मीच उठवते.'

सरदार फौज घेऊन आला. वेढा पडला, तट ढासळला, मदतीला कुणी फिरकलं नाही. गड जाणार हे तिला लख्ख कळलं होतं. पण साऱ्या घाटात बारमाही पाणी फक्त या टाक्यात होतं. पाणी असलं तरच इथे फौज राहणार आणि फौज राहिली तर आसपासची सगळी गावं तिच्या टाचेखाली जाणार. म्हणून तिने मिठाचं कोठार उघडायला सांगितलं.

गडावर पाणी भरणारी बयजा नावाची म्हातारी आडवी आली. "आऊ, ह्येच पानी पाझरून आमच्या हिरीत येतंय. लेकीसुना काय पितील?"

"ठाऊक आहे मला," राणी म्हणाली आणि पहिली गोणी तिनेच टाक्यात ओतली.

सरदार वर चढून आला, तर त्याची घोडी पाण्याला तोंड लावीनात. तो हसला, असं सांगतात. "बिनपाण्याचा गड घेऊन मी काय करू? बसा म्हणावं आता राज्य करत." त्याने तळ उठवला, खिंडीत नजर ठेवायला चार स्वार तेवढे ठेवले.

राज्य राहिलं, पण कशाचं? गाव उठून जाऊ लागलं. विठोजी सगळ्यांच्या आधी गेला. उरलेल्या बायका डोंगर ओलांडून लांबच्या झऱ्याचं पाणी आणू लागल्या. राणीही घागर घेऊन त्यांच्यात चालायची. तिच्याशी कुणी बोलत नसे. एका उन्हाळ्यात बयजाची सून, दिवस भरत आलेली, त्या वाटेवर घागरीसकट कोसळली आणि गेली. खिंडीतल्या विसाव्याच्या दगडाशी बयजाने राणीला गाठलं आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तिथे पहाऱ्यावर असलेल्या सरदाराच्या स्वाराने चाबूक उगारला. "राणीला बोलतेस, थेरडे?"

राणी मध्ये आली. "हात लावू नकोस. ती तिच्या धन्याला बोलते आहे, तुला नाही. इथली धनी अजून मीच आहे."

बयजा थांबली नाही. राणीनेही तिला थांबवलं नाही.

पुढे राणीनेही त्याच वाटेवर प्राण सोडला म्हणे. तिचं चुकलं की नाही, मला विचारू नका. मला तिचा राग येतो, आणि तुमच्यासारख्या पाहुण्याने तिला नावं ठेवली की त्याहून जास्त राग येतो. गड कुणाच्या हाती गेला नाही हे खरं. आमच्याही हाती काही लागलं नाही.

सरकारची नळयोजना आली आणि कोरडी पडली. आजही उन्हाळ्यात आमच्या बायका खिंडीतल्या त्या दगडावर घागरी टेकवतात आणि सगुणाऊला तोंडभरून शिव्या देतात. तिला दुसरी पूजा नाही, नारळ नाही, दिवा नाही. पुरुषाने तिथे ब्र काढायचा नाही. नवी सून पहिल्या खेपेला लाजते, नुसतीच उभी राहते. पुढच्या उन्हाळ्यात तिला शिकवावं लागत नाही.