मुंगी न लागलेले पान

ज्या दिवशी ती बातमी आली, त्या दिवशी सारजा अंगणात सुताला खळ लावत होती. नदीकाठच्या कोष्टवस्तीत तिचे घर होते. आत तिचे सासरे रेवाजी मागावर बसले होते आणि सुतातून इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचा आवाज रोजच्यासारखा येत होता. ठरवलेले धोतर न्यायला वैद्यबुवा आले. हातपाय धुवायला न्हाणीकडे गेले, आणि परत आले ते धोतराचा विषयच विसरून.

न्हाणीच्या मोरीशी मुंग्यांची रांग कधीपासून लागते, असे त्यांनी विचारले. सारजा म्हणाली, उन्हाळ्यापासून; मामंजी लघवीला जातात तिथेच त्या जमतात. वैद्यबुवांनी मान हलवली. रेवाजींना मधुमेह झाला होता. गूळ थांबला नाही तर आधी पाय जातील, मग डोळे, आणि त्यानंतर फार दिवस उरणार नाहीत, असे ते हळू आवाजात सांगून गेले. विणकराचे पाय मागाखालच्या पावड्यांवर हवेत आणि डोळे सुतावर. आत धोटा वाजतच होता.

रेवाजींना हे कळले तेव्हा ते हसले. म्हणाले, "वैद्याच्या घरचा गूळ संपला असेल."

पण त्या घरात गूळ थांबवणे सोपे नव्हते. सारजेच्या सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झाले होते. सारजा त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांच्या हातची पुरणाची दिंडे साऱ्या वस्तीत नावाजलेली होती. शेरभर डाळीला शेरभर गूळ आणि तुपाची धार. कणकेच्या चौकोनात पुरण ठेवायचे, चार घड्या घालायच्या, वर एक चिमटा काढायचा, मग वाफ द्यायची. जाताना त्यांनी सारजेचा हात धरून एवढेच सांगितले होते, "माप मोडू नकोस."

तेव्हापासून रोज दुपारी एक दिंड पानावर ठेवून मागाशेजारी त्यांच्या नावाने मांडले जाई. पानाला पहिली मुंगी लागली की त्या जेवल्या, असे समजायचे. मगच रेवाजी आपल्या वाटची दिंडे खात. पान मांडण्याआधी घरात कोणी काही चाखत नसे.

सारजेला माहेर राहिले नव्हते. नवरा कापड घेऊन बाजार फिरत असे. सुनांना मागावर बसवायची रीत नसताना रेवाजींनी तिला आपल्या शेजारी बसवून विणायला शिकवले होते. तिला मामंजी हवे होते.

दुसऱ्या दिवशी तिने माप मोडले. गुळाच्या जागी तांबडा भोपळा वाफवला, घोटला आणि कोरडा होईपर्यंत परतून डाळीत घातला. गोडाचा भास व्हावा म्हणून वेलदोडा आणि बडीशेप घातली. कणकेत निम्मे जवाचे पीठ मिसळले. तूप नावापुरते लावले. चाखता येत नव्हते, त्यामुळे काय झाले आहे ते तिलाही ठाऊक नव्हते. घड्या मात्र चारच घातल्या, चिमटाही तसाच काढला. बाहेरून पाहणाऱ्याला ते आत्याबाईंचेच दिंड वाटले असते.

"माप तेच ना?" रेवाजींनी विचारले.

"तेच, मामंजी."

पान मांडले. मुंगी आली नाही. दारातले ऊन मागाच्या खुंटापर्यंत सरकले. मुंग्यांची रांग पानापासून वीतभर अंतरावरून गेली, पण एकीनेही तोंड वळवले नाही. रेवाजी उपाशी बसून होते. शेवटी सारजा आत गेली, बोटाला गूळ लावून आली, आणि पान सरळ करायच्या निमित्ताने वाकून तो पानाखाली पुसला. लगेच मुंगी आली. रेवाजी जेवले. पहिल्या घासाला थोडे थांबले, मग खात राहिले.

मग हे रोजचेच झाले.

आठव्या दिवशी मुंग्या मागावर चढल्या. ताण्याच्या पांढऱ्या सुतावरून एक काळी रेघ सरळ रेवाजींच्या हातापर्यंत गेली आणि तिथे थांबली. त्या चावत नव्हत्या. नुसत्या थांबल्या होत्या. झटकल्या तरी पुन्हा तिथेच येत. दुपारी ते खाटेवर पडले की खाटेचे चारही पाय काळे दिसत. सारजेने पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. सकाळी काठोकाठ भरलेल्या वाट्या दुपारी कोरड्या ठणठणीत असत. रेवाजींचे जेवणही कमी होत गेले. एक दिंड संपेना, मग अर्धे संपेना.

शेजारची ठकूबाई विरजण मागायला आली आणि खाटेकडे पाहतच राहिली. ती म्हणाली, "नाव दिंडांचं, आणि उकिरड्यावर रोज साल भोपळ्याची. तुझ्या चुलीवर काय शिजतं ते तुझं तुला. पण आमची सासू सांगायची, पान फसवलं की मुंगी माणूस शोधत येते." विरजण न घेताच ती गेली.

त्याच दुपारी सारजा उष्टे काढत होती. रेवाजी दाराकडे बघत होते.

"तुझी आत्याबाई आली होती," ते म्हणाले. "उंबऱ्याबाहेर बसली होती. आत येईना. म्हणाली, सुनेच्या बोटाला गुळाचा वास येतो, पानात मात्र गूळ नाही. म्हणाली, मी उपाशी आहे, तुम्हीही उपाशी दिसता. चला माझ्याबरोबर."

ते हवापाण्याचे बोलावे तसे बोलत होते. सारजेने हात पदराखाली घेतला. बोट तिने पान मांडल्याबरोबर राखेने घासून धुतले होते. तरी वास येत होता.

दुसऱ्या दिवशी तिने भोपळ्याचीच दिंडे केली. पान मांडले, पण पानाखाली गूळ लावला नाही. रेवाजी पानासमोर टेकून बसले होते. मुंग्या त्यांच्या गुडघ्यापर्यंत येऊन थांबल्या होत्या. सारजेने पानासमोर हात जोडले आणि मोठ्याने सांगितले,

"आत्याबाई, माप मी मोडलं. गूळ काढून भोपळा घातला, कणकेत जव घातले. मामंजींना खोटं सांगितलं, आणि पानाखाली गूळ लावून तुम्हालाही फसवलं. त्यांचे पाय जातील, डोळे जातील, म्हणून केलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. त्यांना अजून राहू द्या."

रेवाजींनी पानावरच्या दिंडाकडे पाहिले.

"भोपळा होय," रेवाजी म्हणाले. "मला वाटलं, म्हाताऱ्याला रांधायचा तुला कंटाळा आला. तसं तोंडाने कोण सांगणार, म्हणून मीही विचारलं नाही." मग ते खाली बघून म्हणाले, "काल मी तिला हो म्हणालो, पोरी."

सारजेचे हात जोडलेलेच राहिले. ती उठली नाही. ऊन मागाच्या खुंटापर्यंत आले, खुंट ओलांडून गेले. गुडघ्यापाशी थांबलेली रांग हलत नव्हती. मग सगळ्यांत पुढची मुंगी वळली. जमिनीवर उतरली, पानावर चढली, आणि दिंडाच्या चिमट्यातून आत गेली. मागची रांग तिच्यामागे पानाकडे आली नाही. ती सरळ उंबऱ्यावरून बाहेर निघून गेली. तेवढ्यात माग एकदाच वाजला. मागावर कोणी नव्हते.

रेवाजींनी दिंड हातात घेतले. त्या दिवशी त्यांनी दोन खाल्ली.

पुढे सहा वर्षे ते मागावर बसले. न्हाणीच्या मोरीशी मुंग्या कमी होत गेल्या. वस्तीतल्या बायका सारजेकडे नवे माप विचारायला येत, आणि ती काहीही हातचे न राखता सांगे. ठकूबाई तर सांगत फिरे, की भोपळ्याची अक्कल तिचीच.

सातव्या वर्षी एका दुपारी रेवाजी मागावर बसल्या बसल्याच गेले. त्यांचे पाय पावड्यांवर होते. आता सारजा दोन पाने मांडते. दोन्ही पानांना मुंगी लागते.

मात्र भोपळ्याचे दिंड मामंजींना कसे लागते, हे विचारायचे तिच्याकडून राहून गेले.

तात्पर्य: आपल्या माणसाच्या जिवासाठी घरची जुनी कृती जरूर बदलावी, पण काय बदलले ते त्याला सांगून वाढावे; लपवून केलेली काळजी खाणाऱ्याला हेळसांडीसारखी लागते.