खुर्चीचा दोष

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीमची सकाळची मीटिंग उभ्याउभ्याच व्हायची. बोलणं आटोपशीर राहावं म्हणून सगळ्यांनी उभं राहायचं, अशी रीत. डायरेक्टर खासनीस मात्र मधोमध खुर्ची टाकून बसायचे. एके दिवशी ते टीमची नवी कोच मृणाल टिळेकर हिच्यावर कडाडले, "ही माणसं एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. उद्या बोलती करा, नाहीतर टीम मोडतो!"

मृणालने दुखणं केव्हाच हेरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने खासनिसांना बाहेर काचेआड उभं केलं. टीम जमली आणि एकेकाने सवयीप्रमाणे रिकाम्या खुर्चीकडे बघून कालचं काम सांगितलं. मृणालने खुर्ची उचलून बाहेर नेली. सगळे क्षणभर बावरले, मग एकमेकांकडे वळले. "अरे, तू जिथे अडलायस ते मी कालच सोडवलं!" कुणीतरी ओरडलं, आणि गप्पांना असा ऊत आला की थांबेनात.

खासनिसांचा चेहरा उतरला. "म्हणजे दोष माझा?"

"छे हो सर, दोष या खुर्चीचा," मृणाल ती त्यांच्यापुढे सरकवत म्हणाली. "बसा ना!"

खासनीस झटकन मागे सरले. "नको, नको. उभाच बरा आहे मी."